छर्र्याच्या डब्यावरचा बी.सी.: कुठे कामाला येतो आणि आपल्या शेतावर कसा काढायचा

मागच्या दिवाळीनंतर पुतण्या छर्र्यांचे दोन डबे घेऊन शेतावर आला. एका डब्यावर बी.सी. (बॅलिस्टिक कोइफिशंट, म्हणजे छर्रा हवेत वेग किती टिकवतो त्याचा आकडा) ०.०२१ असं छापलेलं, दुसऱ्यावर नुसतं वजन. "काका, हा आकडावाला महाग पडला. पण चांगला असेल ना?" म्हटलं, आधी दोन्ही मारून तर बघू. ओट्यावर वाळूचं पोतं ठेवलं, १० मीटरवर पुठ्ठा लावला आणि दोन्ही डब्यांतले पाच-पाच छर्रे मारले. सगळी भोकं एकमेकांना खेटून. मग तोच पुठ्ठा ५० मीटरवर शेततळ्याच्या भरावाला टेकवला. नेम तोच, स्कोपला म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीला हात लावला नाही. आकडावाले गोल डोक्याचे छर्रे नेमाखाली चार इंचांवर लागले, दुसरे चपट्या डोक्याचे त्याच्याही खाली आणखी चार बोटं.

पोराला निम्मं उत्तर तिथंच मिळालं. उरलेलं निम्मं इथं सविस्तर लिहितो, कारण एअर रायफल नव्यानं घेतलेली बरीच मुलं याच आकड्यापाशी अडतात. कुणी तो बघून छर्रे विकत घेतं, कुणी ॲपमध्ये घालून त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतं. माझं म्हणणं सरळ आहे. बी.सी. बघून छर्रा निवडू नका. छर्रा आधी निवडा. तो लांबवर कुठे पडेल आणि वाऱ्यानं किती सरकेल, हे विचारायला मग बी.सी. घ्या. आणि तोही डब्यावरचा नको, आपल्या बॅरलमधून मोजलेला हवा.

आधी नियम आणि जागा

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची), २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. बोअर किंवा ताकद त्यापुढे गेली की परवाना लागतो. बिल जपून ठेवा आणि रायफल नेताना कव्हरमध्येच न्या. ताकद तुम्ही स्वतः मोजू शकता: छर्र्याचं वजन किलोग्रॅममध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २. माझा ०.५४७ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २३५ मीटरनं निघतो, म्हणजे १५ ज्यूलच्या आसपास.

दुसरी गोष्ट मी प्रत्येक नवख्याला सांगतो. रोही आणि रानडुकरं पिकात शिरतात, वानरं मोसंबीची नासधूस करतात, ते मलाही दिसतं. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. शिवाय एवढ्या ताकदीचा छर्रा जनावराला जागेवर पाडत नाही. ते जखम घेऊन पळतं आणि तडफडून मरतं. पाखरांवर तर कधीच नको. आपलं निशाण पुठ्ठ्याचं.

मागे थोप म्हणून शेततळ्याच्या भरावाची बाहेरची बाजू उत्तम. आतल्या बाजूला प्लास्टिकचं अस्तर असतं, तिकडे तोंड करू नका. उन्हाळ्यात काळी माती तापून दगडासारखी होते आणि छर्रा उलटा येऊ शकतो, म्हणून पुढे लाकडी खोक्यात जुन्या चिंध्या दाबून भरून ठेवा. शिसंही त्यातच अडकतं, मातीत जात नाही. डोळ्यांवर चष्मा हवा. भरावापलीकडे कापूस वेचायला बायका आल्यात का, ते प्रत्येक वेळी चढून बघा. आणि भाकर खायच्या आधी हात साबणानं धुवा. छर्रा शिशाचा असतो.

बी.सी. म्हणजे नेमकं काय

बॅलिस्टिक कोइफिशंट हा छर्रा हवेतून जाताना वेग किती टिकवून धरतो त्याचा आकडा. जास्त बी.सी. म्हणजे वेग कमी गळतो. याचं माप एका प्रमाण गोळ्यावरून घेतात: एक पौंड वजन, एक इंच व्यास, त्याचा बी.सी. १. आपल्या छर्र्याची तुलना त्या गोळ्याशी होते, म्हणून आकडा इतका बारीक येतो.

हातानं करून बघा. माझ्या छर्र्याचं वजन ८.४४ ग्रेन. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे ०.००१२०६ पौंड. त्याला व्यासाच्या वर्गानं भागा: ०.१७७ गुणिले ०.१७७ म्हणजे ०.०३१३. उत्तर ०.०३८५. वजनाच्या मानानं छर्रा किती बारीक आहे ते यातून कळतं. आता आकार. गोल डोक्याच्या छर्र्याला हवा त्या प्रमाण गोळ्याच्या साधारण १.८ पट अडवते, म्हणून ०.०३८५ ला १.८३ नं भागलं की ०.०२१ येतो. हा १.८ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्यानंच मला एका चुकीतून बाहेर काढलं.

छर्रा हवेला इतका का अडतो? तो डमरूसारखा असतो: पुढे डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. हा घेर हवेत ओढला जातो आणि छर्र्याचं तोंड पुढे ठेवतो, बॅडमिंटनचं फूल जसं नेहमी बुडाकडून पुढे जातं तसं. सरळ जाण्याची किंमत म्हणून वेग गळतो. ०.२२ रिमफायर या दारूवर चालणाऱ्या छोट्या रायफलच्या गोळीचा बी.सी. ०.१२ च्या आसपास असतो, आपल्या छर्र्याच्या सहापट, कारण तिला हा घेर नाही आणि वजनही बरंच जास्त आहे.

चपट्या डोक्याचे छर्रे ०.०१० च्या आसपास राहतात. याच वजनाचे गोल डोक्याचे ०.०२० ते ०.०२४. अणकुचीदार छर्रे बघून नवख्याला वाटतं, टोक आहे म्हणजे हवा कापत जाईल. आवाजापेक्षा कमी वेगात तसं होत नाही. तिथे गोल डोकंच बरं. डोक्याला खड्डा असलेले छर्रे बी.सी.त मागे पडतात.

१० मीटरवर विसरा

२००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रांनी सुवर्ण जिंकलं ते १० मीटर एअर रायफलमध्ये. त्या स्पर्धेत दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रे चपट्या डोक्याचे, म्हणजे बी.सी.त सगळ्यात खालचे. ते का वापरतात? कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण नीट मोजता येतात. शिवाय बंद हॉलमध्ये, १० मीटरवर, वेग गळायला अंतरच पुरत नाही.

तुमचा मुलगा किंवा मुलगी १० मीटरच्या स्पर्धेची तयारी करत असेल, तर हा लेख इथेच थांबवून सराव करायला लावा. बी.सी.चा त्याला काही उपयोग नाही.

आता आकडे बघा. दोन छर्रे, दोघांचा सुरुवातीचा वेग २३५ मीटर प्रति सेकंद, स्कोप बॅरलच्या मध्यापासून ४५ मिलिमीटर वर, दोघांसाठी २५ मीटरवर स्कोप झिरो केलेला, म्हणजे तिथे छर्रा बरोबर नेमावर लागेल असा लावलेला. एकाचा बी.सी. ०.०२१, दुसऱ्याचा ०.०१०. हवा छत्रपती संभाजीनगरची, २७ अंशांची. नेमापासून छर्रा किती खाली लागेल ते असं:

१० मीटर: पहिला १२ मिमी, दुसरा ९ मिमी
३० मीटर: पहिला ८ मिमी, दुसरा १२ मिमी
४० मीटर: पहिला ४३ मिमी, दुसरा ६७ मिमी
५० मीटर: पहिला १०६ मिमी, दुसरा १७० मिमी

१० मीटरवर छर्रा खाली का, असं पुतण्यानंही विचारलं होतं. स्कोप बॅरलच्या वर आहे. छर्रा खालून निघतो आणि २० मीटरच्या आसपास नजरेच्या रेषेला येऊन मिळतो. तीस मीटरपर्यंत दोन्ही छर्र्यांत फरक बोटाच्या जाडीपेक्षाही कमी आहे. चाळीसच्या पुढे मात्र तो झपाट्यानं वाढतो. बी.सी.चं राज्य तिथून सुरू होतं. फील्ड टार्गेट नावाच्या खेळात ५५ यार्डांपर्यंत, म्हणजे ५० मीटरपर्यंत निशाणं असतात आणि प्रत्येकाचं अंतर वेगळं. तिथले नेमबाज या आकड्याचा एवढा अभ्यास करतात तो उगाच नाही.

पायरी १: ग्रुप बघून छर्रा निवडा

तीन-चार प्रकारचे डबे आणा. शक्य असेल तर गोल डोक्याचेच, पण डोक्याचं माप वेगवेगळं: ४.५०, ४.५१, ४.५२. पोत्यावर रायफल टेकवून २५ मीटरवर प्रत्येकाचे पाच-पाच छर्र्यांचे चार ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, मारा. ज्याचे ग्रुप सगळ्यात घट्ट, तो तुमचा छर्रा. विषय संपला.

बी.सी. १० टक्क्यांनी कमी असेल, ०.०२१ ऐवजी ०.०१९, तर ५० मीटरवर छर्रा ५ मिलिमीटर जास्त खाली पडतो. एवढंच. आणि तेवढं स्कोप भरून काढतो, कारण तो दर वेळी तेवढाच खाली पडणार. पण बॅरलला न मानवलेला छर्रा ५० मीटरवर ६० मिलिमीटरच्या घेरात कुठेही जाईल, आणि ते कुठलाच स्कोप भरून काढू शकत नाही. तिसऱ्या दशांश स्थळासाठी पैसे घालवण्याआधी एवढा हिशेब मनात करा.

वेगाचंही तसंच. जाहिरातीत वेगाचे मोठे आकडे असतात, ते बहुतेक हलक्या मिश्रधातूच्या छर्र्यावर मोजलेले. २० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याच्या जवळ जाताना, साधारण २७५ च्या पुढे, हवेचा विरोध एकदम वाढायला लागतो आणि छर्रा डगमगतो. २७० च्या खाली राहा.

पायरी २: वजन आणि घेर

इथे फार वेळ घालवू नका. छर्रे ताटात पसरून वाकडा घेर असलेले बाजूला काढा. वजन करायचं तर ०.०१ ग्रॅमचा काटा पुरत नाही; अर्ध्या ग्रॅमच्या छर्र्यात तो दोन टक्क्यांपर्यंतचा फरक लपवतो. मिलिग्रॅम दाखवणारा सराफाचा काटा हवा. ओळखीच्या सोनाराकडे दहा छर्रे एकत्र ठेवून मोजले आणि दहानं भागलं तरी काम होतं.

पायरी ३: अंतर फित्यानंच

हार्डवेअरच्या दुकानात फायबरचा ५० मीटरचा फिता मिळतो. तो आणा. नळीच्या तोंडापासून पुठ्ठ्यापर्यंत ताणून १०, २०, ३०, ४० आणि ५० वर तुराटीचे खुंट ठोका. ढांगा मोजून अंतर धरू नका. का, ते खाली सांगतो.

पायरी ४: सुरुवातीचा वेग

यासाठी क्रोनोग्राफ, म्हणजे छर्र्याचा वेग मोजणारं यंत्र, लागतो. स्वतःचा नसेल तर ओळखीत कुणाकडे असेल त्याच्याकडून एक दिवसासाठी आणा, एका सकाळीत सगळं आटोपतं. नळीपासून एक मीटरवर ठेवा. प्रकाशावर चालणारा असेल तर आपल्याकडच्या कडक उन्हात तो चुकीचे आकडे देतो, म्हणून लिंबाच्या दाट सावलीत ठेवा किंवा त्याच्या कमानींवर पांढरा कागद लावा. आधी तीन-चार छर्रे मारून रायफल बसू द्या. स्प्रिंगच्या रायफलला पहिले काही छर्रे वेगळेच जातात. मग दहा छर्रे, दहाही आकडे वहीत, आणि सरासरी. त्यातला एखादा आवडला म्हणून तोच धरायचा नाही.

पायरी ५: लांबचा वेग, आणि त्यातून बी.सी.

आता तोच क्रोनोग्राफ पहिल्या जागेपासून २० मीटर पुढे न्या. त्याआधी स्कोप २० मीटरवर नीट झिरो करून घ्या आणि क्रोनोग्राफच्या पुढे खालच्या बाजूला जाड फळी उभी करा. छर्रा चुकला तर फळीला लागेल, यंत्राला नाही. पुन्हा दहा छर्रे, पुन्हा सरासरी. दोन वेगवेगळे क्रोनोग्राफ असतील तर आधी दोघांना एकामागे एक लावून एकाच छर्र्याचा वेग मोजा, नाहीतर त्यांच्यातला फरकच तुम्ही बी.सी. समजून बसाल.

माझी सरासरी जवळ २३५, २० मीटरवर २०८.४. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्ये 'एल-एन' ही कळ असते, ती वापरायची:

पहिला वेग भागिले दुसरा वेग: २३५ ÷ २०८.४ = १.१२७६
त्याचा एल-एन: ०.१२०१
अंतर गुणिले ०.०००१२६: २० × ०.०००१२६ = ०.००२५२
शेवटी ०.००२५२ ÷ ०.१२०१ = ०.०२१

०.०००१२६ हा गुणक संभाजीनगरच्या उंचीवर २७ अंशांच्या हवेसाठी आहे. समुद्रसपाटीला १५ अंशांवर तो ०.०००१४ होतो. आपल्याकडची हवा विरळ, छर्र्याला कमी अडवते, म्हणून गुणक लहान. नांदेडकडे गोदावरीकाठी उंची कमी, तिथे तो किंचित वर जाईल. सेकंदाला १५० ते २४० मीटर वेगाला हा हिशेब चांगला लागू पडतो.

या मापात चूक किती सहज शिरते ते बघा. दुसरी सरासरी २०८.४ ऐवजी २१०.४ आली तर बी.सी. ०.०२२८ निघतो, २०६.४ आली तर ०.०१९४. दोन मीटरचा फरक, जो स्प्रिंगच्या रायफलीत दोन लागोपाठच्या छर्र्यांत असतो. म्हणून दहाची सरासरी. नेम तेवढा पक्का असेल तर २० ऐवजी ३० मीटरवर मोजा. जास्त वेग गळतो आणि तेवढीच चूक लहान पडते.

डब्यावरचा आकडा आपल्याशी जुळला नाही तर कुणी फसवलं असं समजू नका. त्यांची बॅरल वेगळी, वेग वेगळा. बॅरलमधल्या खाचा छर्र्यावर उमटतात, घेर दबतो, आणि छर्रा हवेत थोडा कमी-जास्त डगमगतो. त्यामुळे एकाच डब्यातल्या छर्र्याचा दोन रायफलींत बी.सी. वेगळा येऊ शकतो.

पायरी ६: ॲपमध्ये भरताना

बॅलिस्टिकचं कुठलंही ॲप घ्या, मागतं तेच: छर्र्याचं वजन, वेग, बी.सी., झिरोचं अंतर, स्कोपची उंची, हवा. ड्रॅग मॉडेल, म्हणजे तुलना कुठल्या प्रमाण गोळ्याशी करायची ते, 'जी १' ठेवा, कारण वरचा हिशेब जी १ चा आहे. काही ठिकाणी छर्र्यांसाठी 'जी ए' असतं, ते चांगलंच आहे, पण जी १ नं काढलेला बी.सी. त्यात टाकायचा नाही. आकडा ज्या मॉडेलचा, त्याच मॉडेलमध्ये.

स्कोपची उंची बॅरलच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंत मोजा आणि ॲप इंच मागतंय की मिलिमीटर, ते बघा.

हवेच्या दाबात बहुतेक सगळे चुकतात. मोबाइलवर हवामान बघितलं की संभाजीनगरला दाब १०१० च्या आसपास दिसतो. तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. शहर ५६८ मीटर उंचीवर आहे, खरा दाब ९४७ हेक्टोपास्कलच्या जवळपास. ॲपमध्ये उंची ५६८ आणि समुद्रसपाटीचा दाब भरा, किंवा उंचीचा रकाना शून्य ठेवून ९४७ भरा. ५६८ आणि ९४७ दोन्ही एकदम भरलं तर उंचीचा परिणाम दोनदा धरला जातो.

पायरी ७: पुठ्ठ्यावर पडताळा

ॲपनं काहीही सांगितलं तरी शेवटचा शब्द पुठ्ठ्याचा. २५ मीटरवर झिरो करा. मग उंच पुठ्ठ्यावर वरच्या बाजूला एक ठिपका काढा आणि १०, २०, ३०, ४०, ५० मीटरवर त्याच ठिपक्यावर नेम धरून दहा-दहा छर्रे मारा. प्रत्येक ग्रुपचा मध्य काढा आणि ठिपक्यापासून किती खाली ते पट्टीनं मोजा.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. ५० मीटरवर ॲप सांगायचं १०६ मिलिमीटर खाली, आणि ग्रुप पडायचा ७७ वर. मी मुकाट्यानं ॲपमधला बी.सी. वाढवत गेलो. ०.०२५ नं जमेना, ०.०३ नं जमेना, ०.०४ नंही नाही. ०.०६ च्या वर नेला तेव्हा कुठे आकडे जुळले. दोन दिवस मी त्याच आनंदात होतो, की आपली रायफल छर्र्याला इतकं छान फेकते. मग वहीत वजनाचा तो ०.०३८५ दिसला. त्याला ०.०६ नं भागलं तर आकाराचा आकडा ०.६४ येतो. म्हणजे डमरूसारखा छर्रा त्या प्रमाण गोळ्यापेक्षाही जास्त सुबक निघाला. हे होणंच शक्य नव्हतं. चूक दुसरीकडेच होती.

दुसऱ्या दिवशी फिता आणला. मी ५० ढांगा टाकून जे ५० मीटर धरलं होतं, ते ४६ निघालं. ५० मीटरच्या आसपास छर्रा दर मीटरमागे जवळपास ८ मिलिमीटर खाली येतो, त्यामुळे चार मीटरनं तीन सेंटिमीटरचा फरक केला. आणि ते तीन सेंटिमीटर बी.सी.नं भरून काढायला गेलो तर तो तिप्पट झाला.

तेव्हापासून गोल डोक्याच्या छर्र्याचा आकाराचा आकडा १.५ च्या खाली किंवा २.२ च्या वर आला की मी बी.सी.ला हात लावत नाही. आधी फिता, मग स्कोपची उंची, मग क्रोनोग्राफ, याच क्रमानं तपासतो.

वाऱ्यात बी.सी.चे पैसे वसूल होतात

खाली पडणं ठरलेलं असतं, एकदा मोजलं की झालं. वारा ठरलेला नसतो. वर घेतलेले तेच दोन छर्रे, बाजूनं सेकंदाला ३ मीटरचा वारा, म्हणजे तोंडाला जाणवतो आणि लिंबाची पानं सळसळतात एवढा. ३० मीटरवर ०.०२१ वाला ३७ मिलिमीटर सरकतो, ०.०१० वाला ८२. ५० मीटरवर पहिला १०६, दुसरा २५१. खाली पडण्यात दोघांत ६४ मिलिमीटरचा फरक होता, वाऱ्यात तो १४५ झाला. दोन छर्रे ग्रुपला अगदी सारखे असतील, तेव्हा मात्र जास्त बी.सी.चा घ्या, आणि तो याच कारणासाठी.

वारा कळायला जुन्या सुती लुगड्याच्या अरुंद चिंध्या तुराटीला बांधून १५ आणि ३५ मीटरवर रोवा. जवळच्या चिंधीकडे जास्त लक्ष द्या. छर्रा सुरुवातीलाच ढकलला गेला की उरलेलं सगळं अंतर तो सरकतच जातो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत हवा पडलेली असते, मापं तेव्हाच घ्या. दुपारी वावटळी उठतात, वळवाच्या आधी वारा दर मिनिटाला दिशा बदलतो. त्या वेळी घेतलेल्या ग्रुपवरून काहीही ठरवू नका.

ऊन आणि थंडी

उन्हाळ्यात ४० अंशांना आपल्याकडची हवा घनमीटरला १.०५ किलो भरते, हिवाळ्यात १० अंशांच्या पहाटे १.१७. फरक १० टक्क्यांचा, ऐकायला मोठा वाटतो. ५० मीटरवर तो होतो ५ मिलिमीटर. त्यासाठी झोप उडवू नका. रायफलचा स्वतःचा वेग ऋतूप्रमाणे बदलतो का, ते मात्र बघा: स्प्रिंगवरचं ग्रीस थंडीत घट्ट होऊन वेग ५ मीटरनं जरी उतरला, तरी ५० मीटरवर १२ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून दिवाळीनंतर एकदा आणि होळीनंतर एकदा क्रोनोग्राफ लावतो. रायफल गाडीच्या बॉनेटवर उन्हात ठेवायची नाही.

तक्ता

सगळं जुळलं की ॲप बंद करून कागदावर लहानसा तक्ता काढा. मिल-डॉट स्कोप (आत एकेक मिलच्या, म्हणजे अंतराच्या हजाराव्या भागाच्या, अंतरानं ठिपके असलेला) असेल तर खाली पडण्याचे मिलिमीटर भागिले अंतराचे मीटर, की थेट मिल मिळतात. माझ्या छर्र्याला ३० मीटरवर पाव, ४० वर एक, ५० वर दोनपेक्षा जरासा जास्त. १० मीटरवरही एकाहून किंचित जास्त धरावा लागतो, म्हणजे १० आणि ४० ला जवळजवळ एकच ठिपका. बऱ्याच स्कोपांत हे ठिपके एकाच झूमला खरे असतात, तो झूम कोणता तेही तक्त्यावर लिहा.

पुतण्यानं त्याचा तक्ता पोस्टकार्डाच्या पुठ्ठ्यावर काढून रायफलच्या दस्त्याला पारदर्शक टेपनं चिकटवलाय. नवा डबा उघडला की तो आधी २५ आणि ५० मीटरवर दहा-दहा छर्रे मारतो. तक्त्याशी जुळले तर डब्यावर पेननं तारीख घालतो. नाही जुळले तर आधी फिता काढतो.